कळवळा आटलाय असं वाटतं तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही 8 वर्षं चर्चच्या भेटी देणाऱ्या टीममध्ये आहात, आजारी लोक, ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलंय असे लोक, एकटे राहणारे म्हातारे. सुरुवातीला प्रत्येकासोबत डोळे भरून यायचे, आता काहीच होत नाही, उलट कोणी तेच रडगाणं परत सुरू केलं की चीड येते आणि मग त्या चिडीची लाज वाटते. रोज प्रार्थना करता की प्रभू मला ख्रिस्तासारखी करुणा दे, पण काही वाढताना दिसत नाही. आणि अगदी शेवटी एक ओळ लिहिलीये, "घरी आईला डिमेन्शिया आहे, 3 वर्षं झाली, पण तो विषय वेगळा."

मी हॉस्पिटलमध्ये आणि घरोघरी जाऊन हे काम 26 वर्षं करतोय. सेवा करता करता आतून कोरडी पडलेली माणसं खूप पाहिलीत, आणि खरं सांगायचं तर त्यातला एक मी स्वतः. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, पटलं तर पुढे वाचा. तो विषय वेगळा नाहीये. 8 वर्षं तुम्ही देताय आणि त्यातली 3 वर्षं आईचं सगळं एकटीने ओढताय, चर्चमध्ये कोणी विचारलं की "प्रभूच्या कृपेने ठीक आहे सगळं". तुमच्यात कळवळा कमी आहे असं मला वाटत नाही. तो तुमच्यापर्यंत यायची वाट तुम्ही आतून कडी लावून बंद केलीये, आणि जे आपल्याकडे येतच नाही ते आपण किती दिवस वाटणार?

एक साधी गोष्ट आधी उरकून घेऊ. "काहीच वाटत नाही" हे दरवेळी पाप नसतं आणि दरवेळी आत्मिक कोरडेपणाही नसतो, कधी सरळ सरळ थकवा असतो, कधी डिप्रेशन असतं. नर्सेस आणि थेरपिस्ट लोकांबद्दल 1990 च्या दशकात यावर भरपूर लिहिलं गेलं, कम्पॅशन फटीग, म्हणजे सतत दुसऱ्यांचं दुःख झेलून येणारा थकवा, हे नाव तेव्हाच रुळलं. झोप उडाली असेल, खाण्यावरची वासना गेली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल आणि हे काही आठवडे चाललं असेल तर आधी डॉक्टरकडे जा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता (1 राजे 19) तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून खायला दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं नंतर, आणि तेही "तू इथे काय करतोयस" असा प्रश्न विचारून.

आता मूळ मुद्दा. आपल्या मराठी बायबलमध्ये मत्तय 9:36 ला, येशू गर्दी बघतो तिथे, "त्यांचा त्याला कळवळा आला" असं आहे. मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते आतड्यांवरून आलंय, स्प्लांखना म्हणजे पोटातले आतले अवयव, आणि हे क्रियापद नव्या करारात फक्त 12 वेळा येतं, सगळं मत्तय, मार्क, लूकमध्ये. आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही कारण आपण म्हणतोच ना आतडं पिळवटलं, पोटात तुटलं. हिब्रूत तर करुणेचा शब्द गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला आहे, म्हणजे पोटची माया म्हणा. पण मला यात जे महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. ते क्रियापद कोणासाठी वापरलंय बघा. एकतर येशूसाठी, नाहीतर त्याच्या दाखल्यांतल्या तिघांसाठी, कर्ज माफ करणारा धनी, जखमी माणसापाशी थांबलेला शोमरोनी आणि उधळ्या मुलाचा बाप. शिष्यांना कळवळा आला असं कुठेच लिहिलेलं नाही! शिष्य काय म्हणतात, लोकांना पाठवून द्या, रान आहे, उशीर झालाय. तुमची चीड काही नवी नाही, प्रेषितांपासून चालत आलीये.

आणि मार्क 6 मध्ये पुढे काय होतं ते तर आपल्यासारख्यांसाठीच लिहिलंय असं मला वाटतं. शिष्य दमलेले, त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती, येशू म्हणतो चला जरा एकांतात जाऊन विसावा घ्या, तिथे पोचतात तर गर्दी आधीच हजर, आणि वर तो म्हणतो "तुम्हीच त्यांना खायला द्या". त्यांच्याकडे 5 भाकरी आणि 2 मासे. ते येशूच्या हातात गेले, मोडले गेले, परत शिष्यांच्या हातात आले आणि मग वाटले गेले. शिष्यांनी वाटलेला एकही तुकडा त्यांनी आधी घेतल्याशिवाय वाटलेला नाही. मी बरीच वर्षं हा उतारा "द्या" या शब्दासाठी शिकवला, "घ्या" कडे लक्षच गेलं नाही.

लक्ष कधी गेलं ते सांगतो. 11 वर्षांपूर्वी माझी मणक्याची गादी सरकली, 10 आठवडे पडून होतो. मी कायम दुसऱ्याच्या बेडशेजारी उभा राहणारा माणूस, स्वतः बेडवर म्हणजे मला अपमान वाटायचा. लोक भेटायला यायचे, मी हसून त्यांचीच विचारपूस करायचो आणि लवकर कटवायचो. एक माणूस मात्र कटला नाही. त्याची दारू सुटावी म्हणून मी 2 वर्षं त्याच्या मागे लागलो होतो, रात्री-अपरात्री त्याला उचलून घरी आणलंय, म्हणजे माझ्या हिशोबात तो "माझी केस" होता. तो आला, बसला, माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, नखं किती वाढलीत." वाकता येत नव्हतं तर कापणार कशी. दुसऱ्या दिवशी नेलकटर घेऊन आला. मांडीवर टॉवेल पसरला, माझा पाय त्यावर घेतला आणि एकेक नख कापायला लागला, प्रत्येक नखाला विचारायचा, लागतंय का. अंगठ्याचं नख जाड झालं होतं, नेलकटरमध्ये बसेना, तर टबमध्ये कोमट पाणी आणून पाय भिजवत ठेवला आणि 20 मिनिटं तसाच जमिनीवर बसून राहिला. काही बोलला नाही, वचन नाही, प्रार्थना नाही.

मला आधी काय वाटलं सांगू? राग आला. यानं मला असं बघायला नको होतं. आणि त्या 20 मिनिटांत कुठेतरी लक्षात आलं की ही जी जागा आहे, जिथे मी आत्ता पडलोय, तिथे हा माणूस माझ्यासमोर 2 वर्षं पडलेला होता, आणि मी त्याच्यासाठी केलेली प्रत्येक प्रार्थना उभं राहून केली होती. मी त्याच्यावर दया केली होती, त्याच्या शेजारी कधी बसलो नव्हतो.

त्याच 10 आठवड्यांत अजून एक फालतू वाटणारी गोष्ट शिकलो. पाण्याचा ग्लास. येणारा प्रत्येक जण प्रेमाने पाणी भरून ठेवायचा आणि नेमका टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवायचा जिथे माझा हात पोचत नव्हता, आणि मी मागायचो नाही. आज कुठल्याही पेशंटच्या खोलीत गेलो की आधी ग्लास कुठे आहे ते बघतो. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं आणि कितीही प्रार्थना करून सुचलंही नसतं, तहान लागलेली असताना हात आखूड पडला तेव्हाच कळलं.

पेत्राचं आठवा, योहान 13. "माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत." नम्रतेचं वाटतं ना बोलणं? येशूने त्याला शाबासकी दिली नाही, म्हणाला मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. आणि एकमेकांचे पाय धुवा ही आज्ञा नंतर आहे, पाय धुवून घेऊन झाल्यावर. आपण सेवेतली माणसं सरळ आज्ञेवर उडी मारतो. चौथ्या शतकातला बेसिल, ज्याने आपल्या शहराबाहेर गरीब आणि आजारी लोकांसाठी मोठं सेवागृह उभं केलं, तो एकांतात राहू पाहणाऱ्या साधकांना विचारायचा की एकटाच राहिलास तर कोणाचे पाय धुशील? प्रश्न जबरदस्तच आहे, पण मला वाटतं तुम्हा-आम्हाला तो उलटा विचारायला हवा, की तुमचे पाय कोणी धुवायचे?

आणि येशू स्वतः किती मागणारा होता हे आपण विसरतो. शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, तेही भांडं नसताना. लूक 8 मध्ये सरळ लिहिलंय की मग्दालीया मरीया, योहान्ना, सूसान्ना आणि बऱ्याच बायका आपल्या पैशातून त्याचा आणि शिष्यांचा खर्च चालवायच्या. गेथशेमानेत तिघांना म्हणाला, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले ती गोष्ट वेगळी, पण त्यानं मागितलं. वधस्तंभावर म्हणाला, मला तहान लागली आहे. देवाच्या पुत्राला हे सगळं मागताना कमीपणा वाटला नाही आणि आपल्याला "चर्चला त्रास नको" वाटतो.

कोणीतरी म्हणेलच, म्हणजे मला हे खूपदा ऐकावं लागतं, की माणसांवर कशाला, देवावर अवलंबून राहा, यिर्मया 17:5 मध्ये माणसावर भिस्त ठेवणारा शापित म्हटलाय. पूर्ण वाचा ना, ज्याचं हृदय परमेश्वरापासून फिरलं आहे त्याच्याबद्दल आहे ते. पौलाचं बघा. 2 करिंथ 1 मध्ये तो म्हणतो, आसियात आमच्यावर इतकं ओझं आलं की जगण्याचीही आशा सोडली, हे एवढ्यासाठी की आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. लगेच दोन वचनांनी, तुम्हीही प्रार्थनेने आम्हाला मदत करताय. आणि सातव्या अध्यायात काय लिहितो, दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवाने तीताच्या (पौलाचा सहकारी) येण्याने आमचं सांत्वन केलं. देवाने सांत्वन केलं, कसं, तर तीत आला. एवढं साधं. आता पौलाने तीताला दारातूनच "मी ठीक आहे, तू दमला असशील, जा" म्हणून परत पाठवलं असतं तर त्याने कोणाला परत पाठवलं असतं? पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की ज्या सांत्वनाने देव आमचं सांत्वन करतो त्याच सांत्वनाने आम्ही दुसऱ्यांचं करतो. दुसरा साठाच नाहीये आपल्याकडे.

फादर डेमियनची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, 1873 मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वस्तीत गेले, शेवटी स्वतःला कुष्ठरोग झाला आणि 1889 मध्ये 49 व्या वर्षी वारले. चर्चमध्ये ही गोष्ट सांगतात ती त्यागाची म्हणून, ते बरोबरच आहे. पण पुढचा भाग कमी सांगितला जातो. 1886 मध्ये जोसेफ डटन नावाचा माणूस हाताखाली काम करायला आला, 1888 मध्ये मदर मॅरियन कोप आणि सोबतच्या सिस्टर्स आल्या, म्हणजे ज्यांनी हजारो मलमपट्ट्या केल्या त्यांनाच शेवटच्या दिवसांत दुसऱ्यांच्या हातांची गरज पडली. मला फादर डेमियनबद्दल सगळ्यात जास्त आदर कशाचा वाटत असेल तर त्या शेवटच्या वर्षांचा.

आता करायचं काय. तुमची प्रार्थना थोडी बदला. "मला करुणा दे" ही प्रार्थना चुकीची नाही पण त्यात आपण सेल्समन असतो, माल द्या म्हणजे पुढे पोचवतो. त्याऐवजी आंधळ्या बार्तीमयाची घ्या, "माझ्यावर दया करा". स्वतःसाठी मागा, आईच्या नावाने मागा, जे वाटतंय ते तसंच बोला, "प्रभू आज तिने मला सातव्यांदा विचारलं तू कोण आणि मी तिच्यावर ओरडले". 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी हालेलूयाबिलेलूया काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. जो देवापुढे रडगाणं गाऊ शकत नाही त्याला दुसऱ्याचं रडगाणं ऐकवत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे. तुम्हाला चीड येते ना त्या बाईंची, ज्या तेच तेच सांगतात? मला शंका आहे की त्या जे मोकळेपणाने करतात ते तुम्ही स्वतःला 3 वर्षं करू दिलेलं नाही, म्हणून ते टोचतं. चुकत असेन तर सोडून द्या.

भेटीला गेल्यावर बेल वाजवायच्या आधी मी 10 सेकंद थांबतो, हात बेलवर ठेवतो आणि मनात म्हणतो, माझ्याकडे काही नाही, तू आत आधीच आहेस. बस. आत गेल्यावर उभा राहत नाही, बसतो, खुर्ची नसेल तर मागतो, आणि त्या माणसाकडून काहीतरी घेतो, माझ्यासाठी प्रार्थना कराल का म्हणून सरळ विचारतो. पहिल्यांदा लाज वाटली होती. बिछान्याला खिळलेल्या एका आजींना विचारलं तर त्यांनी माझा हात धरला आणि माझ्या गुडघ्यासाठी, मी सहज बोलून गेलो होतो दुखतो म्हणून, त्या गुडघ्यासाठी इतकी तपशीलवार प्रार्थना केली की मला हसूही आलं आणि रडूही. पुढच्या भेटीत त्यांनी आधी गुडघ्याचं विचारलं. पण हे पेशंटवर आपला संसार ओतायचं लायसन्स नाही बरं का, जो आत्ता बुडतोय त्याच्या गळ्यात पडायचं नसतं, तुमचं खरं ओझं टीमकडे आणि जवळच्या एक-दोन माणसांकडे न्या.

टीमबद्दलही बोला पाळकांशी. 8 वर्षं सलग कोणी हे काम करत असेल आणि मधे एकदाही कोणी "तू कशी आहेस" म्हणून तासभर बसलं नसेल तर ती व्यवस्थेची चूक आहे, तुमच्या एकटीची नाही. निर्गम 18 मध्ये मोशेचा सासरा इथ्रो एक दिवस नुसतं बघतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटा लोकांचे तंटे सोडवतोय, आणि म्हणतो हे तू करतोस ते चांगलं नाही, तूही झिजून जाशील आणि लोकही. माणसं वाटून घे, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर. मोशेने ऐकलं. तुमच्याकडे किती घरं आहेत? त्यातली निम्मी 3 महिन्यांसाठी दुसऱ्या कोणाला द्या. तुमच्याशिवाय त्यांचं अडेल असं वाटत असेल तर मला वाटतं तेही एकदा बघूनच घ्यावं.

गलती 6 वरून गोंधळ होतो म्हणून तेवढं सांगतो, दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा आणि पाचव्यात प्रत्येकाने आपला भार वाहावा. ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, पहिला माणूस वाकेल असं वजन, दुसरा ज्याच्या त्याच्या पाठीवरचं नेहमीचं सामान. डिमेन्शिया झालेल्या आईचं चोवीस तास बघणं हे पाठीवरचं सामान नाहीये. ते चौघांनी उचलायचं आहे, मार्क 2 मध्ये त्या पक्षाघाती माणसाला उचलून छप्पर उसवून खाली सोडणारे चौघेच होते, आणि तिथे लिहिलंय येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्या दिवशी त्या माणसाचा स्वतःचा विश्वास किती होता हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

तर या रविवारी आईचं नाव प्रार्थनेच्या यादीत द्या, "आजारी" असं मोघम नको, काय आहे ते लिहा. आणि जी कोणी विचारेल "काही लागलं तर सांगा हं", तिला तिथल्या तिथे काहीतरी ठरावीक सांगा, म्हणजे गुरुवारी 4 ते 6 आईजवळ बसाल का, मला झोपायचंय. नेमकं सांगितलं की लोक येतात, मोघम सांगितलं की प्रार्थनेत आठवण ठेवतात. पहिल्या गुरुवारी बेल वाजली की घर आवरायला धावू नका. पसारा असू दे, आईने कपाटातून काढून ठेवलेले कपडे असू देत तसेच सोफ्यावर, दार उघडा आणि जाऊन झोपा.